क्रुंथराजाच्या चहातली साखर

"सर, तुमचा 'माहच' जरा चुकतोय."

हे मला ऐकवलं गेलं माझ्याच स्टुडिओत, माझ्याच माइकसमोर आणि माझ्याच वाक्याबद्दल. ऐकवणारे पुण्याहून आलेले भाषातज्ज्ञ होते. वय तिशीच्या आसपास, नावाआधी डॉक्टर. हातात चाळीस पानांचं बाड आणि त्यावर छापलेलं : 'क्रुंथी भाषेचे व्याकरण'.

"कसा चुकतोय?" मी विचारलं.

"'ह'वर जोर हवा. माऽहच. मूळ क्रुंथी उच्चार तसा आहे."

माझी कानशिलं तापली. काचेपलीकडून रशीदभाईनं पंजा खाली-वर केला. म्हणजे शांत हो. रशीदभाई माझे जुने जोडीदार. मशीन त्यांचं आणि तोंड माझं, अशी आमची वाटणी. माझं तोंड सुटलं की मशीन बंद करणं हे कामही त्यांच्याच वाट्याला आलेलं.

मी धंद्यानं आवाजवाला. धुळ्यात लग्नाच्या मांडवांवर भोंगे बांधून सुरुवात केली. शिकवायला कोणी नव्हतं, भोंग्यांचे शॉक खाऊन शिकलो. आता जळगावात दोन खोल्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती आमच्याकडे भरल्या जातात. साड्यांचा सेल, केळीचं खत आणि निवडणुकीचा उमेदवार, तिघांसाठी मी सारख्याच उत्साहानं ओरडतो.

आता 'नभोयान सत्तावीस'. ही मालिका टीव्हीवर इतकी वर्षं चालली की पहिल्या भागात कॅप्टन असलेला नट शेवटच्या भागात कॅप्टनचा सासरा होता. तिच्यातला खलनायक क्रुंथराज. तोंड पूर्ण झाकणारं शिरस्त्राण आणि आवाज असा की पोरं पांघरुणात शिरायची. "एशीमक रखासा माहच!" एवढं म्हणून तो हात वर करायचा आणि एखादा ग्रह फुटायचा. ती पोरं आज चाळिशीला आली आहेत. त्यांच्या टी-शर्टवर हे वाक्य आहे, चहाच्या कपांवर आहे. एकानं तर लग्नपत्रिकेवर छापलं. अर्थ काय, तर म्हणे 'ब्रह्मांड तुमचे रक्षण करो'.

तो आवाज माझा.

आणि शेवटच्या नामावलीत काय यायचं? 'क्रुंथराजाचा आवाज : संगणक.'

नाव टाकतो असा शब्द जुन्या दिग्दर्शकांनी मला दिला होता. पहिला भाग लागला तेव्हा माझी आई पदर सावरून टीव्हीसमोर बसली. तिला वाचता येत नव्हतं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, मोठ्यानं वाचत होती. "आवाज : संगणक." आईनं मला आमच्या अहिराणीत विचारलं, "हाऊ कोन शे? तुना दोस्त शे का?"

मी दिग्दर्शकांना जाब विचारला. ते म्हणाले, "अरे सुकलाल, संगणक म्हटलं की लोकांना भारी वाटतं." तोवर मी संगणक डोळ्यांनीसुद्धा पाहिलेला नव्हता. पण त्या दिवसापासून माझं त्याच्याशी वैर आहे. बिलंसुद्धा मी अजून हातानं लिहितो.

मुंबईच्या एका कंपनीनं मालिका नव्यानं सुरू करायचं ठरवलं. या वेळी टीव्हीवर नाही, मोबाइलच्या अ‍ॅपवर. ट्रेलर आला. त्यात क्रुंथराजाचा आवाज सॉफ्टवेअरनं बनवला होता. जुने प्रेक्षक तुटून पडले. "हा क्रुंथराज नाही, हा लिफ्टमधला आवाज आहे," असं एकानं लिहिलं. मग कंपनीनं मूळ आवाज शोधायला माणसं धाडली आणि शेवटी निर्मात्या अनुजा मॅडम स्वतः त्या डॉक्टरांना घेऊन जळगावला आल्या.

"रेट तुमचा तुम्ही ठरवा," मी म्हणालो, "मला नाव पाहिजे."

रशीदभाईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

"नाव देऊ की," मॅडम म्हणाल्या. "'विशेष आभार'मध्ये."

विशेष आभार म्हणजे काय, तर ज्यांच्या गॅलरीतून वायर ओढली त्यांचे. मी नाही म्हटलं. माझ्याकडे एक गुपित होतं. त्या आवाजाचं रहस्य मला आणि रशीदभाईला सोडून कोणालाच माहीत नव्हतं. ते पोटात ठेवून मी मॅडमना आरामात झुलवणार होतो. आधी चाचणी म्हणून त्यांनी मला ते वाक्य माइकवर म्हणायला सांगितलं आणि डॉक्टरांनी माझा 'माहच' दुरुस्त केला.

"रशीदभाई," मी ओरडलो, "ती जुनी रीळ काढा!"

"भाऊ, सोच लो."

"सोचलं! काढा!"

इथे थोडं समजावून सांगतो. पूर्वी आवाज चकतीवर गुंडाळलेल्या फितीवर भरायचे. तिला आम्ही रीळ म्हणतो. आमच्या मशीनवर फितीच्या पूर्ण रुंदीत आवाज बसायचा. त्यामुळे वाजून संपलेली रीळ न गुंडाळता तशीच दुसऱ्या बाजूला लावली, की आवाज शेवटाकडून सुरुवातीकडे येतो.

रशीदभाईनं आधी मालिकेत वाजली तशी लावली. "एशीमक रखासा माहच!" डॉक्टरांचे डोळे भरून आले. मग रशीदभाईनं रीळ उलटी केली.

खोलीत माझा तरुणपणचा आवाज आला, स्वच्छ आणि वैतागलेला : "चहामा साखर कमी शे!"

मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "म्हणजे 'रखासा' हे 'रक्षा'वरून नाही?"

"साखर," मी म्हणालो. "साखरवरून."

"माझं सगळं व्याकरण," डॉक्टर म्हणाले, "साखरेवर उभं आहे." आणि त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेना. मॅडम खुर्चीवरून घसरल्या. रशीदभाई काचेला टेकून रडत होते. मी रागानं लाल होऊन उभा होतो, पण किती वेळ उभा राहणार? मीही हसलो. डॉक्टर चांगला माणूस निघाला. त्यांनी ते बाड मला भेट दिलं, वर लिहून : 'चहावाल्या सम्राटास'.

घडलं होतं असं. मालिकेसाठी अमळनेरला एक बंद पडलेली तेलाची गिरणी भाड्यानं घेतली होती. टाक्या, नळ, चाकं, लोखंडी जिने. आयतं अवकाशयान. माइक आणि भोंगे आमचे. मी माइक तपासत होतो तेवढ्यात रशीदभाईनं चहा दिला. घोट घेतला आणि चवीबद्दल जे बोललो ते टेपवर गेलं. घाईत रशीदभाईनं रीळ चुकीच्या बाजूला लावली. भोंग्यातून तो आवाज गिरणीभर घुमला आणि दिग्दर्शक लोखंडी जिन्यावरून ओरडले, "हाच! हाच पाहिजे!" काय केलं ते त्यांनी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही.

आता माझा हुकमाचा पत्ता मीच रागाच्या भरात टेबलावर आपटला होता. मॅडम डोळे पुसता पुसता हुशार झाल्या.

"म्हणजे हे कोणालाही करता येईल की," त्या म्हणाल्या. "अहिराणीत बोलायचं आणि उलटं करायचं."

"करा," मी म्हणालो. आतून मात्र धसकलो होतो.

त्यांनी मुंबईत एका नामांकित नटाकडून अहिराणी वाक्यं म्हणवून घेतली. पंधरा दिवसांनी मॅडमचा फोन आला. "सुकलालभाऊ, त्याचं उलटं केलं की शिंक आल्यासारखं वाटतं."

वाटणारच. अहिराणी तोंडानं बोलायची भाषा आहे, पाठ करून म्हणायची नाही. तिचा हेल सुलट नसेल तर उलट कुठून येणार?

मग खरी घासाघीस सुरू झाली.

"स्वतंत्र पाटी," मी म्हणालो. "पडद्यावर एकट्याचं नाव. सहा सेकंद."

"सहा? हिरोला तीन आहेत!"

"हिरोला लोक ओळखतात. मला वाचावं लागेल."

"दोन."

"दोन सेकंदांत आमच्या अक्काचा चष्मासुद्धा सापडत नाही."

"तीन. हिरोएवढे. आता तरी खूश?"

"चार. हिरोनं ग्रह फोडले नाहीत, मी फोडले."

साडेतीनवर सौदा पटला. रशीदभाईनं घड्याळ लावून पाहिलं. "साडेतीन में तो आदमी दो बार पढ लेगा," म्हणाले. मॅडमची अट एकच : उलट्या रिळीची गोष्ट बाहेर जाता कामा नये. माझीही एक अट : रेकॉर्डिंग जळगावात, आत फक्त मी आणि रशीदभाई. कंपनीला उलटा केलेला आवाज तेवढा मिळेल. मॅडमनी सही केली.

ते दहा दिवस काय सांगू! मुंबईहून कागद यायचा : 'पृथ्वीवासीयांनो, तुमचा अंत जवळ आला आहे.' मी राजासारखी छाती काढून म्हणायचो, "बठ्ठा घर जा रे, भरीत सरी गयं!" म्हणजे सगळे घरी जा, भरीत संपलं. रीळ उलटी केली की अंगावर काटा यायचा. हसण्यामुळे रशीदभाईच्या हातून दोनदा फीत तुटली. पहिल्या भागाच्या शेवटी कागदावर एवढंच होतं : 'क्रुंथराज संतापून काहीतरी ओरडतो.' काहीतरी ओरडण्याचा मला दांडगा अनुभव आहे. मी ओरडलो. रशीदभाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि उलटा केलेला आवाज मुंबईला पाठवून दिला.

पहिला भाग संध्याकाळी सहाला आला. धुळ्याला अक्काच्या घरी सगळं गणगोत जमलं होतं. मोबाइल टीव्हीला जोडला होता. अक्का चष्मा आधीच लावून बसली होती. भाग संपला. नावं सुरू झाली. आणि एकदम सगळं चित्र आक्रसून वरच्या कोपऱ्यात गेलं. पडदाभर अक्षरं आली : 'पुढचा भाग ५ सेकंदांत.' कोपऱ्यात मोहरीएवढं काहीतरी हललं. ते माझं नाव होतं. पूर्ण साडेतीन सेकंद.

"कोठे शे?" अक्का टीव्हीजवळ जाऊन विचारत होती. "कोठे शे तुनं नाव?" तोवर दुसरा भाग सुरू झाला.

मी अंगणात जाऊन फोन लावला. "मॅडम, माझे साडेतीन सेकंद कुठे गेले?"

"दिलेत भाऊ. मोजून घ्या."

"मोजले! कोपऱ्यात!"

"करारात वेळ आहे, आकार नाही. आणि ते आम्ही करत नाही, आपोआप होतं."

"आपोआप म्हणजे? कोण करतं?"

"संगणक करतो, भाऊ."

मी फोन अंगणात आपटला. फोन माझाच होता.

आता त्या शेवटच्या ओरडण्याबद्दल. पडद्यावर क्रुंथराज गरजला होता : "एश लालकुस आनायुधीम! ईहन कणगंसीम!" चाहत्यांत आठवडाभर वाद पेटला. अनायुध म्हणजे निःशस्त्र, तेव्हा राजा शरण येतो आहे, असं एका गटाचं म्हणणं. लालकुस हे लाल ग्रहाचं नाव, तेव्हा आता मंगळावर स्वारी, असं दुसऱ्याचं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "क्रुंथीवर मी आता मत देत नाही."

मग चाळीसगावच्या एका शिक्षिकेनं गंमत म्हणून तो आवाज मोबाइलवर उलटा वाजवला. वाजवताना स्वतःचा व्हिडिओ काढत होत्या. त्यांच्या फोनमधून क्रुंथराज खणखणीत बोलला :

"मी संगणक नही! मी धुयाना सुकलाल शे!"

आमच्या अहिराणीत धुळ्याचं धुये होतं. त्या बाई किंचाळल्या, "ओ माय! हाऊ तं आपला माणूस शे!"

दुसऱ्या दिवशी अमळनेर, पाचोरा, जळगाव, धुळे, सगळीकडे लोक क्रुंथराजाला उलटा वाजवून बघत होते. 'भरीत सरी गयं' सापडलं. जुने भाग उकरून काढले, तेव्हा चहाही सापडला. जळगावच्या हॉटेलांत गिऱ्हाईक हात वर करून "रखासा माहच" म्हणायचं आणि वेटर निमूट साखर आणून द्यायचा. मला वाटलं होतं, गुपित फुटलं की चाहते चिडतील. ते वेडे झाले. आख्खी मालिका त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली, उलटी.

मॅडमचा फोन आला. मी नव्या फोनवर घेतला.

"भाऊ, गुपित ठेवायचं ठरलं होतं."

"मी कोणाला काही सांगितलं नाही."

"आणि ते ओरडलात ते?"

"कागदावर 'काहीतरी ओरडतो' होतं. काय ओरडायचं, ते करारात नव्हतं."

पलीकडून आधी हुंकार आला, मग हसू. "बोला," त्या म्हणाल्या. "आता काय पाहिजे?"

तिसऱ्या भागापासून पाटी सुरुवातीला येते. पडदाभर. मजकूर डॉक्टरांनी लिहिला आहे : 'क्रुंथराजाची भाषा : अहिराणी. आवाज : सुकलाल, धुळे.' अक्कानं ती मोठ्यानं वाचली. मग भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे वळून पुन्हा एकदा वाचली, जरा सावकाश. तरी वेळ उरला. सहा सेकंद आहेत. मी मोजले.

धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. करारात वेळ लिहून घ्या, आकार लिहून घ्या, जागा लिहून घ्या. आणि एवढं सगळं लिहून झालं, तरी माइक आपल्याच हातात ठेवा.