मुक्ताचं एक वर्ष, ताईच्या घरी

सिन्नरहून शेजारच्या काकूंचा फोन आला, तेव्हा मी नाशिकच्या घरी पाणी भरत होतो. "ताई उठल्याच नाहीत हो..." एवढंच त्या बोलल्या. माझी थोरली बहीण झोपेतच गेली होती. आत माझी मुलगी मुक्ता नीटच्या निकालाची वाट बघत होती. ताईही त्याचीच वाट बघत होती.

आदल्या वर्षी मुक्ताला ४२५ गुण मिळाले. सरकारी मेडिकल कॉलेज दूर राहिलं. आयुर्वेदाला प्रवेश मिळत होता. तो घ्यावा, की वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यावी? मुक्ताला एमबीबीएसच हवं होतं, पण "पुन्हा असंच झालं तर?" म्हणून ती धड जेवतही नव्हती. मी बाहेरगावच्या मोठ्या क्लासची चौकशी करत होतो. तेवढ्यात ताई आली. तिनं सिन्नरच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. आल्या आल्या तिनं प्रश्नपत्रिका मागितली.

"१८० पैकी एकही कोरा नाही," मी म्हणालो. "चुकलं तर एक गुण जातो, बरोबर आलं तर चार मिळतात. अंदाजानं ठोकलं तरी चारातलं एक लागतंच. हिशेबानं तोटा नाही."

"तू लग्नातही पत्रावळी मोजणारा, हिशेबच बघणार. तोटा गुणांचा नाही रे, वेळेचा आहे. ही न येणाऱ्या प्रश्नापाशी बसून राहते आणि शेवटचे सोपे प्रश्न घाईत चुकवते. बघ तूच."

मी तपासलं. चुकलेल्या ५९ पैकी निम्मे तिला येणारे होते आणि बहुतेक शेवटच्या पानांवरचे. कोरं सोडू नका, काहीतरी लिहा, लिहिल्याचे मार्क मिळतात... बोर्डाच्या परीक्षेची ही शिकवण मुक्तात पुरती मुरली होती.

"मीच तीस वर्षं पोरांना हे सांगत आले," ताई म्हणाली. "हिला माझ्याकडे पाठव. शिकवलं मी, आता मोडतेही मीच."

मुक्ता सिन्नरला गेली. मी रविवारी बसनं जायचो. जेवणं झाली की बाहेरच्या खोलीत चटई पडायची, खिडकीला ओलं गोणपाट. दोघी डोळे मिटून आडव्या. ताई प्रश्न विचारायची. येत असेल तर उत्तर, नसेल तर लगेच "पुढे" म्हणायचं. सुरुवातीला मुक्ताच्या तोंडून तो शब्द निघतच नसे.

"थांब ना आत्या, येतंय..."

"यायचं असतं तर आलं असतं बाई. पुढे."

मी भिंतीला टेकून ऐकायचो. गोणपाटाचा ओला वास, पंख्याची घरघर, आणि हळूहळू विरळ होत जाणारे प्रश्न... पेशी, किरण, आम्ल. कुठला प्रश्न जागेपणातला आणि कुठला झोपेतला, कळत नसे. एकदा ताई घोरता घोरताच "पुढे" म्हणाली, आणि मुक्ता तोंडावर ओढणी दाबून हसत राहिली.

मे महिन्यात परीक्षेत मुक्तानं सोळा प्रश्न कोरे सोडले. ताईनं फोनवर विचारलं, "पाणी प्यायलीस का?" बाकी काही नाही.

निकाल आला तो ताईच्या दहाव्यानंतर. मुक्ताला सरकारी कॉलेज मिळालं.

हॉस्टेलला जाण्याआधी ती म्हणाली, "बाबा, एकदा सिन्नरला जाऊ." आम्ही कुलूप उघडलं, झाडलोट केली, चटई टाकली. मला कधी डोळा लागला कळलंच नाही. जाग आली तेव्हा खोलीत संध्याकाळ उतरत होती आणि स्वयंपाकघरातून चहाच्या भांड्याचा आवाज येत होता. निकाल लागलाय की लागायचाय, क्षणभर उमजेना. लागायचा असता, तर आत ताई असती... मी तसाच पडून राहिलो, मुक्ता कप घेऊन बाहेर येईपर्यंत.