रवीनं हात लावलेलं दार

दारव्ह्यात जुन्या गाडीचं सेंट्रल लॉक बिघडलं की लोक अय्याजभाईकडे येतात. 'यायचे' असं लिहिलं तर तो मला चहा पाजणं बंद करील. गेल्या वर्षी रवीनं नेर रोडवर गाड्यांच्या वायरिंगचं, काचेच्या दारांचं दुकान टाकलं, तेव्हापासून अय्याजभाईच्या तोंडाची चव गेली आहे. रवीकडे कोणाची गाडी लागली हे त्याला सगळ्यात आधी कळतं, आणि "मी कायले पाहू तिकडं?" हेही तोच म्हणतो.

त्या दिवशी तांड्यावरचे धरमसिंगकाका आले. अय्याजभाईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या गाडीचा रिमोट दाबला की चारही दारं लॉक व्हायची आणि लगेच खटकन उघडायची.

"अय्याज, हे गाडी माही चेष्टा करून राह्यली."

"मधात कोनाले दाखवली का, काका?"

"तू पुसदले लग्नाले गेलता ना, तवा रवीनं मांगचं डावं दार केलं."

झालं! अय्याजभाईची खरं तर एक रीत आहे. एकेक दार उघडं ठेवून रिमोट दाबायचा. जे दार उघडं असताना लॉक नीट बसतात, त्याच दाराची वायर तुटलेली. ही रीत त्यानं अर्ध्या तालुक्याला ऐकवली आहे. त्या दिवशी मात्र तो थेट मागच्या डाव्या दारावर तुटून पडला.

"भाई, आपली रीत?" मी म्हटलं.

"तू चहा पे."

दाराचं पॅड निघालं. आत रवीचे जोड होते: सोल्डर केलेले, वर नळी चढवलेली, वायरी नवरीच्या वेणीसारख्या बांधलेल्या. अय्याजभाईनं ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं.

"तोडतं का आता?" काका म्हणाले.

मग नाइलाजानं रीत. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून रिमोट दाबला, चारही लॉक बसले आणि बसलेच राहिले. त्या दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर सुटली होती, अय्याजभाईनंच कधीतरी पीळ देऊन टेप मारलेल्या जोडापाशी. दार लावलं की टोकं एकमेकांपासून सुटायची आणि सगळी दारं उघडायची.

"म्हंजे रवीचं काम बरोबर होतं?"

हो-ना काहीही सांगितलं असतं तरी काकांना कळणार नव्हतं. अय्याजभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहिलं.

"त्याचं बरोबर हाये," तो दाढ उपटून घेतल्यासारखा बोलला. "माहा जोड गेला."

"मंग आता तिकडंच नेत जाऊ का?"

"न्या ना. म्या काय दोरीनं बांधलं तुमाले?"

पण टेपेला त्यानं हात लावला नाही. डब्यातून जुनं सोल्डर शोधलं, बोट भाजून घेतलं, जोड केला, त्यावर नळी चढवली. दार लावून रिमोट दाबला. लॉक बसले.

काका गाडीत बसले. "आनीन इकडंच. तू गावात असला त."

गाडी वळेपर्यंत अय्याजभाई हसतमुख उभा होता. मग माझ्याकडे वळला.

"रवी सोल्डर कोनतं वापरते, पाहून ये बरं. माहं नाव नको सांगू."