किड्याने पास केलेली अळंबी

सुमतीकाकी रानातली अळंबी आधी स्वतः खायची. रात्र जाऊ द्यायची, आणि सकाळी धडधाकट उठली की मगच उरलेल्या कालवणाची वाटी कुंपणावरून माझ्या हातात द्यायची. "आदी माज्या पोटात, मंग शेजाराच्या ताटात," म्हणायची. देवरूखजवळच्या आमच्या वाडीत श्रावणात ती वाटी आली नाही असं वर्ष मला आठवत नाही.

नवरा वारलेला, मुलगा मुंबईला नोकरीत. काकी एकटीच राहायची. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. अळंबी ओळखायची तिची खूण एकच : "किडा खातो ती मानसाला बाधत न्हाय." मी एकदा म्हटलं, "काकी, किड्याचं पोट वेगळं, आपलं वेगळं." त्यावर फणकारली, "कालेजात शिकलीस म्हून रान शिकलीस काय गो?" तिच्यापुढे कुणाचंच काही चालत नसे.

गेल्या वर्षी तिला कातळाच्या सड्याखालच्या झाडीत नवीच अळंबी सापडली. पांढरीशुभ्र, उंच, देठाला झालर. इतकी देखणी अळंबी मी पाहिली नव्हती, आणि का कोण जाणे, मला तिची भीतीच वाटली. काकीने एक उलटी करून आतलं भोक दाखवलं. "बघ, किड्यानं पास केलान!"

सकाळी वाटी आली नाही. काकी पडवीत उलट्या करत होती. मला पाहून हात हलवला, "तुमाला न्हाय देनार आज." दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाली, "वाटेत गाडीभर वकू काय? उद्या जाऊ."

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा घेऊन गेले, तर बाई अंगण झाडत होती! "बाधली, पडली, मोकळी झाली. धाड ती रिक्षा." मलाही हायसं वाटलं. मी रिक्षा परत पाठवली.

तिसऱ्या दिवशी तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे विष मधे एखादा दिवस बरं वाटू देतं, आणि तेवढ्यात यकृत खातं. "कालच का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं.

शुद्ध जायच्या आधी काकीने माझं मनगट धरलं. "पोरगा आला की सांग, आयशीनंच न्हाय म्हटलान. तू रिक्षा आनली हुतीस."

मुलगा आला, तेव्हा ती गेली होती. मी त्याला तसंच सांगितलं. त्याने माझ्यापुढे हात जोडले. रिक्षावाल्याला "जा" म्हणाले ती मी, हे मात्र मला अजून सांगता आलेलं नाही.