दादाने वहिनीला फसवलं नाही

माझा थोरला भाऊ न्हावी. बाजाराच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं दुकान, आणि बोलणं असं गोड की दाढीला आलेलं गिऱ्हाईक केसही कापून जायचं. वहिनी शाळेत गणित शिकवायची. "आमच्यात डोकं तिचं, डोकी माझी," असं दादा सांगायचा.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर वहिनी बदलू लागली. आधी झोप गेली. मग शेजारी भिंतीआडून आपल्याबद्दल बोलतात असं तिला ऐकू येऊ लागलं. तिने खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, शाळा सोडली. एका दुपारी दादाच्या खिशातली कात्री पाहून ती न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी घातली.

"तुम्हालाही त्यांनी फितवलंय," ती आतून म्हणाली.

दादाने कात्री माझ्या हातात दिली, दुकानात पाठवली आणि दाराबाहेर फरशीवर बसून राहिला. संध्याकाळी ती बाहेर आली.

घरचे जमले. धाकटा भाऊ म्हणाला, "चहात गोळी घालू. झोपली की उचलून दवाखान्यात नेऊ."

"नाही," दादा म्हणाला. "सगळे आपल्याला फसवतात असं तिला वाटतंय. मी खरंच फसवलं, तर तिचंच खरं ठरेल."

मग तो तिच्यासमोर जाऊन बसला. "मला ते आवाज ऐकू येत नाहीत. खोटं कशाला बोलू? पण तू घाबरलीयेस ते दिसतंय. डॉक्टरबाईंकडे जाऊ."

"त्यांनी मला ठेवून घेतलं तर?"

"घेतील कदाचित. मी रोज येईन."

हेच बोलणं कितीतरी दिवस चाललं. शेवटी एका सकाळी तिने स्वतःहून चपला घातल्या.

तिला ठेवून घेतलंच. दादा रोज गेला. ती कधीकधी पाठ फिरवून बसायची. तो त्या पाठीला दिवसभराच्या गमती सांगून यायचा.

त्याच दिवसांत दुकानात एक कापडवाला दाढीला बसल्या बसल्या म्हणाला, "बायको वेडी झाली म्हणे तुझी." दादाने दाढी पुरी केली, तुरटी फिरवली, टॉवेल झटकला. "आजारी आहे ती. तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता, तशी ती तिची घेते. तो शब्द या खुर्चीत पुन्हा नको." कापडवाला अजूनही येतो. गप्प बसतो.

वहिनी आता घरी आहे. मध्ये दोनदा पुन्हा बिनसलं, पुन्हा जावं लागलं. शाळा सुटली ती सुटलीच. आवाजही पुरते गेलेले नाहीत. परवा मी गेले तेव्हा मटार सोलता सोलता ती थबकली.

"अहो, आत्ता कुणी हाक मारली?"

"नाही," दादा म्हणाला.

"बरं," म्हणाली, आणि पुढची शेंग घेतली. माझ्या भावाच्या एका 'नाही'वर तिचा एवढा भरवसा. अख्ख्या बाजारात असा शब्द दुसऱ्या कुणाचा असेल, तर मला दाखवा.