त्याच्या नावाची वेबसाइट माझी होती

माझ्या धाकट्या जावेनं इंदापुरातल्या तिच्या हॉलमध्ये त्या गायकाबरोबरचा फोटो फ्रेम करून लावला, आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना. तो मधोमध उभा, शेजारी ही, डोक्यावर पदर आणि तोंडभर हसू. आल्यागेल्याला सांगायची, "घरी च्याला आला हुता. वैनी म्हनला मला." मी समोर बसून पोहे खात होते. अगं बया, हा माणूस कोण हे तुला मी सांगेपर्यंत ठाऊक तरी होतं का?

कारण त्याला पहिल्यांदा मी ऐकलं होतं. माझं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक. तिथल्या जत्रेत ऑर्केस्ट्रा आला होता आणि मुख्य गायकाचा घसा बसला, म्हणून इंदापूरकडच्या कुठल्याशा वाडीतल्या ह्याला पुढं ढकलला. अंगात दुसऱ्याचा कोट, बाह्या पार बोटांपर्यंत. तो गायला लागला आणि माझ्या हातातली भेळ हातातच राहिली. पुढं तो टीव्हीवरच्या स्पर्धेत दिसला, मग सिनेमात गायला, मग अख्ख्या महाराष्ट्राचा झाला. माझ्या लेखी मात्र तो माझाच होता. हसायचं तर हसा.

बारामतीत आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. डिझाइन मी करते, छपाई आमचे हे बघतात. तो टीव्हीवर आला त्याच आठवड्यात मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर सहज त्याचं नाव-आडनाव टाकून बघितलं, तर डॉट कॉम मोकळं! कुणीच घेतलेलं नव्हतं. मी घेऊन टाकलं. ह्यांनी विचारलं, "हे काय नवीन खूळ?" म्हटलं, "त्याचं नाव घेतलं." आणि मला खरंच तसं वाटत होतं, की नाव घेतलं म्हणजे ते माझं झालं.

वेबसाइट मी फ्लेक्ससारखीच केली. मला दुसरं येतं कुठं? आमच्याकडं फ्लेक्सची रीत ठरलेली आहे. वर साहेबांचा भला मोठा फोटो आणि खाली गोलागोलांत शुभेच्छुकांची तोंडं, त्यांची नावं, मोबाइल नंबर. शुभेच्छुकाशिवायचा फ्लेक्स छापून घ्यायला आमच्या दारात अजून कुणी आलेलं नाही. म्हणून मीही वर त्याचा फोटो टाकला, मधे गाण्यांची माहिती आणि मी गावोगाव हिंडून जमवलेले त्याचे जत्रेतले जुने फोटो, आणि खाली गोलात माझं तोंड. शेजारी 'शुभेच्छुक', दुकानाचं नाव, 'सर्व प्रकारचे फ्लेक्स तत्काळ मिळतील' आणि माझा नंबर.

मग काय सांगू! फोन यायला लागले. मोबाइलवर त्याचं नाव शोधलं की पहिली माझीच वेबसाइट यायची ना. "मॅनेजरबाई, पणदऱ्यावनं बोलतोय. जत्रंला त्यांची तारीख मिळंल का?" मी सांगायचे, "अहो, मी मॅनेजर नाही, नुसती चाहती आहे." "आसं काय करता बाई, नंबर तर तुमचाच हाय की हितं!" मी नाही नाही म्हणत फोन ठेवायचे, पण दिवसभर अंगावर मूठभर मांस चढलेलं असायचं. मुद्दाम धाकटीला फोन करून कळवायचे, "आज परत त्याच्या कार्यक्रमासाठी विचारणा आली होती बरं का." पलीकडं चिडीचूप. ती गप्प बसली की मला फार गोड वाटायचं.

आणि अशात तिनं तो फोटो भिंतीवर चढवला. मी वर्षानुवर्षं वेबसाइट सांभाळायची, आणि हा गडी चहा प्यायला जाणार तिच्या घरी! बारामती काय लांब होती का इंदापूरपासून? हे म्हणाले, "आगं, कामानं गेला आसंल तिकडं." मी म्हटलं, "तुम्ही बोलूच नका." त्या दिवशी भाजीला मीठ दोनदा पडलं आणि दोघांनी गुमान खाल्लं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नोटीस आली. आधी ईमेल आला, मग कुरिअरनं जाड पाकीट. मुंबईच्या वकिलांनी लिहिलं होतं की, त्याचं नाव हा आता नोंदणी केलेला ट्रेडमार्क आहे. त्या नावाच्या वेबसाइटवर मी माझ्या दुकानाची जाहिरात करते, त्यामुळं ही त्याचीच वेबसाइट आहे असा लोकांचा समज होतो. तरी ते डोमेन, म्हणजे वेबसाइटचा तो पत्ता, त्याच्या नावे करून द्यावं, नाहीतर कोर्टात भेटू.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. काउंटरमागं त्याचं कॅलेंडर होतं, त्याच्याकडं बघून मी मोठ्यानं म्हणाले, "मुडद्या, तुला काळं कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा मी तुझी वेबसाइट काढली! तिच्या घरी चहा आणि माझ्या घरी नोटीस?" फ्लेक्स न्यायला आलेलं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकलं.

कोर्टाजवळ आमच्या ओळखीचे वकील बसतात. त्यांनी नोटीस वाचली, मोबाइलवर माझी वेबसाइट उघडली, खालपर्यंत सरकवत नेली आणि माझ्या गोल फोटोवर थांबले.

"वहिनी, हे काय?"

"शुभेच्छुक."

"ते दिसतंय. पण हे वाचणाऱ्याला काय वाटेल? हा गायक तुमच्या दुकानाची जाहिरात करतोय असं वाटेल. नाहीतर तुम्ही त्याच्या ऑफिसातल्या आहात असं. कुणाचा फोन आला होता का कधी?"

मी जत्रेवाल्यांचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"पण मी दरवेळी सांगते की मी मॅनेजर नाही!"

"तुम्ही सांगता, पण वेबसाइट उलटं सांगते. भांडण तिथंच आहे. हे बघा, तुम्ही त्याच्याबद्दल लिहा, कौतुक करा, नाव घ्या, त्याला कुणी अडवत नाही. पण पत्ताच नुसता त्याच्या नावाचा, खाली तुमचा धंदा, आणि 'ही चाहत्यांची वेबसाइट आहे' अशी एक ओळ कुठं नाही. जमीन तुम्ही कसत होता वहिनी, पण सातबाऱ्यावर नाव त्याचं आहे."

"मग जाहिरात काढते. फोटो काढते माझा."

"आता काढून ते थांबतील असं वाटत नाही. त्याच्याशी थेट बोलणारं कुणी असेल तर बघा. तो स्वतः म्हणाला तर राहू देतील."

त्याच्याशी थेट बोलणारं कुणी! माझ्या डोळ्यांपुढं एकच तोंड आलं, आणि जीव गेला तरी त्या दारात जाणार नाही असं ठरवून मी घरी आले. दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या एसटीत बसले. ती वेबसाइट गेली तर माझ्याकडं त्याचं काय राहणार होतं? गाणी काय, सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये असतात.

धाकटी पडवीत ढोबळी मिरची निवडत होती. दिरांचा भाजीपाला पुण्याला जातो, गाडी यायची वेळ झालेली. मी पाणी प्यायले, नोटिशीचं सगळं सांगितलं आणि शेवटी तोंड वाकडं करून म्हणाले, "तुला वहिनी म्हणतो ना तो? मग माझ्यासाठी एक शब्द टाक."

तिचे हात थांबले. खाली बघत म्हणाली, "आक्का, त्यो आमच्या घरी आलाच न्हाय कदी."

"म्हणजे?"

"भिगवणला मासं खायला गेल्तो. त्याची गाडी त्याच हाटेलापुढं थांबली. ही गर्दी! ह्यांनी मला पुढं ढकाललं, फोटू काढला, त्यो गेला. माझ्याकडं बगितलं बी न्हाय. आजूबाजूची मान्सं फोटूतनं कापून घेतली. म्हनून तर फोटू तुमच्या दुकानात छापाय दिला न्हाय."

माझी शेवटची आशा तिथं संपली, आणि तरी खरं सांगू? मला आनंद झाला. हसू दाबताना गाल दुखले.

"मग चहाचं कशाला सांगत सुटलीस?"

"तुमच्यामुळं!" ती एकदम उसळली. "मॅनेजरबाई म्हनत्यात मला, फोन येत्यात मला, किती टेंभा मिरवायचा मान्सानं? त्याचं नाव टाकलं की खाली तुमचं त्वांड! मला वाटायचं मोबाइल भितीवर आपटावा." मग डोळे पुसून हळूच म्हणाली, "आन् नोटीस तरी तुमालाच आली. त्याच्या मान्सांनी तुमचं नाव लिवलं. मला कोन वळाकतंय?"

मी तिच्याबरोबर मिरच्या निवडल्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

डोमेन द्यायचं ठरलं. मी वकिलांना सांगितलं, "देते, पण माझी एक अट आहे. कागदावर दुसऱ्या कुणाची सही चालणार नाही, त्याची स्वतःची पाहिजे." ते हसले. म्हणाले, ट्रेडमार्क त्याच्याच नावावर आहे, तेव्हा सही त्यालाच करावी लागेल. कागद झाले. दोन दिवस वेबसाइट बंद होती आणि मग त्याच पत्त्यावर त्याच्या कार्यक्रमांच्या तारखा आल्या, चकचकीत फोटो आले. कोऱ्हाळ्याचा कोट नाही, जुनी जत्रा नाही, काही नाही. वकील म्हणतात, पत्ता वेगळा घ्या, चाहत्यांची वेबसाइट आहे असं वरच लिहा आणि खुशाल नवीन काढा. घेईन कधीतरी. अजून हात धजत नाही. जत्रेवाल्यांचे फोन थांबलेत. दुपारी दुकानात फार शांत वाटतं.

परवा धाकटी खरेदीला बारामतीत आली होती. दुकानात शिरली आणि पिशव्या खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "दाखवा की, आक्का." मी कपाटातनं करार काढला. प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलाय. तिनं शेवटचं पान उलटलं. डावीकडं त्याची सही, निळ्या शाईची, शेवटी लांब ओढलेली. उजवीकडं माझी. तिनं कव्हरावरून त्या सहीवर बोट फिरवलं.

"एकाच वळीत हाय वो तुमचं दोघांचं नाव," ती म्हणाली. "एक फोटू काढू का?"

"मोबाइल पर्समध्ये ठेव," मी म्हणाले, आणि करार तिच्या हातातनं काढून घेतला.