केल्पच्या अलीकडे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय ते विचारू नका — मलाच नीट कळत नाहीये.

ऐंशीच्या दशकात, सॅन डिएगोला, माझ्याकडे एक छोटी बोट होती. शनिवारी सकाळी ती पाण्यात सोडायची आणि केल्पपर्यंत जायचं. केल्प म्हणजे समुद्रातलं जंगलच — माडाएवढ्या वेली तळापासून वर येतात आणि पानं पाण्यावर पसरतात. त्या पानांच्या कडेला मासे असतात. मी कोकणातला, म्हणून मित्रांना वाटायचं की मला समुद्र कळतो. मीही वाटू द्यायचो.

माधव नागपूरचा. ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा. त्याचे वडील मुलाकडे म्हणून आले आणि इथेच गेले. ग्रीन कार्डचं अडकलेलं, त्यामुळे अस्थी घेऊन भारतात जाणं त्याला शक्य नव्हतं. माझ्या बोटीत तो एकदाच आला होता, तेव्हा उलट्या करून बेजार झाला होता. म्हणून कलश माझ्याकडे दिला. म्हणाला, "केल्पच्या पलीकडे ने रे, मोकळ्या पाण्यात. बाबा जन्मभर कशा ना कशात गुंतलेलेच राहिले. आता तरी सुटू देत."

"काळजी सोड यार," मी म्हणालो.

आता — कसं सांगू? गळ मी बरोबर घेतला होता. का घेतला? सवयीने? कलश पायाशी, पांढऱ्या फडक्यात बांधलेला, आणि केल्पच्या कडेला मासे नुसते उसळत होते. म्हटलं, एकदाच टाकून बघू. एक बास मासा लागला. मग दुसरा. शी! अहो, मित्राच्या बापाला पायाशी ठेवून मी मासे धरत बसलो होतो, आणि खरं सांगू? मजा येत होती.

दुपारचा वारा सुटला. पलीकडे लाटा फुटायला लागल्या, आणि जायची छाती होईना. तसंच परत फिरून दुसऱ्या दिवशी येता आलं असतं की! ते तेव्हा सुचलंच नाही, की सुचलं आणि नको वाटलं — आजही सांगता येत नाही. मी फडकं सोडलं आणि कलश तिथेच रिता केला, केल्पमध्ये. हातांना आमिषाच्या माकुळाचा वास येत होता. तोंडातून एक श्लोक निघाला नाही. राख पानांवर बसून राहिली. फडक्यातली झेंडूची फुलं वेलींत अडकली. वल्ह्याने ढकलून पाहिली, ती परत वर आली.

माधव धक्क्यावर अनवाणी उभा होता. "मोकळं पाणी होतं ना?"

"अगदी," मी म्हणालो. त्याने माझे तेच हात धरून डोळ्यांना लावले. मासे बर्फाच्या पेटीत होते, वर झाकण.

पुढे दर वर्षी त्या तिथीला तो मला किनाऱ्यावर न्यायचा. विचारायचा, नेमकं कुठे? मी केल्पच्या पलीकडे हात करायचो. तो नमस्कार करायचा. मीही करायचो — कुणाला, देव जाणे.

गेल्या वर्षी माधव गेला. त्याची मुलगी अनघा, इथेच जन्मलेली, कलश घेऊन माझ्याकडे आली. "काका, डॅडला आजोबांजवळ सोडायचंय. सेम प्लेस, केल्पच्या पलीकडे."

केल्पमध्ये न्यावं तर खोटं उघडं पडणार. पलीकडे न्यावं तर तिथे तिचे आजोबा नाहीत. आणि इतक्या वर्षांनी राख काय जागच्या जागी राहते? समुद्रच तो! असं स्वतःला समजावत बोट केल्पच्या कडेकडेने चालवत राहिलो. शेवटी पलीकडे गेलो. वारा नव्हता. किती जवळ होतं ते मोकळं पाणी.

अनघाने कलश रिता केला. राख लगेच खाली गेली. मग डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. "दे आर टुगेदर नाऊ, राइट, काका?"

मी हो म्हणालो.