पाखरांची राखण

शाळा अर्धी सोडून मी बुलढाण्याकडच्या उंद्रीहून पुण्याच्या दवाखान्यात शिपाई म्हणून आलो. तिथं डॉक्टरीणबाई ध्यान शिकणाऱ्या नवख्यांच्या डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी कागदावर उतरवत. एकदा त्यांनी मलाच बसवलं. आपला भित्रेपणा कागदावर उमटला तर नोकरी जाईल, या धास्तीनं मी डोळे मिटले.

मिटताच गावाकडची ज्वारी डुलू लागली. मी मचाणावर होतो, हाती गोफण. हात खरंच फिरला नि कागदावर रेघ ओढणारी सुई खरखरू लागली.

"कोणाला हाकलताय?"

"पाखरं जी, बाई. दाणे खाऊन राह्यले."

बाई हसल्या. "राखणदाराचाच स्वभाव तुमचा! खाऊ द्या थोडे."

मी गोफण खाली ठेवली. पाखरं कणसांवर उतरली, सुईची खरखर हळूहळू निवली.

"उद्या वेळेवर या हं कामाला," बाई म्हणाल्या.

अजूनही धास्ती आली की मी डोळे मिटून पाखरांना थोडे दाणे खाऊ देतो.